अकरा मिनिटं

कुरड्यांचा गहू तीन दिवस भिजला, चौथ्या दिवशी वाटून चीक काढला आणि पाचव्या दिवशी पहाटे आई आणि मावशी शिजलेल्या चिकाचं पातेलं दोन बाजूंनी धरून आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चढल्या. सात वाजेपर्यंत प्लास्टिकच्या कागदावर दीडेकशे कुरड्या घालून झाल्या. मग राखण. नाशिकचे कावळे हुशार आहेत. माणूस गच्चीवर आहे तोवर पाण्याच्या टाकीवर साधूसारखे बसून राहतात. माणसाचं लक्ष हटलं की झडप. म्हणून टाकीच्या सावलीत चटई, शेजारी पाण्याचा तांब्या आणि हाताशी काठी.

मे महिन्याची सुट्टी, म्हणून माझा मुलगाही वर आला होता. वय पाच, घरातलं नाव सोन्या. कुरड्या बघून झाल्या, एक मोडून झाली, टाकीच्या शिडीवरून त्याला दोनदा उतरवून झालं आणि मग तो आजीसमोर हात पुढे करून उभा राहिला. काय हवंय ते बोलायचीही गरज नव्हती. आईचा हात कमरेच्या बटव्यातल्या मोबाइलकडे गेला.

पुढचं सांगण्याआधी या दोघींची ओळख करून द्यायला हवी. आईनं ३४ वर्षं निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. तिच्या हातात लाकडी फूटपट्टी असायची आणि रेघा आखायला ती क्वचितच लागायची. मीही त्याच पट्टीखाली वाढले. मावशी तिच्याहून चार वर्षांनी लहान. साठी उलटली तरी आईची अजून ‘बेबी’च. १९८२ साली ती कोसबाडहून बालवाडीचं शिक्षण घेऊन आली आणि पुढं तीस वर्षं तिनं स्वतःची बालवाडी चालवली. मुलांनी हवं तिथं बसावं, हवं तेव्हा उठावं. पट्टी त्या दारातून कधी आत गेली नाही. आता या दोघींतली मोबाइल देणारी कोण नि अडवणारी कोण, हे ओळखायला सांगितलं तर दहातले नऊजण चुकतील. आईच्या बटव्यावर हात ठेवून तो उघडू न देणारी मावशी होती.

आई : सोड गं बेबी. पाच मिनिटं बघेल नि देईल परत.

मावशी : काल पाचाची पन्नास झाली, ताई.

आई : तू काय मोजत बसतेस? पोर आहे. आत्ता हट्ट करणार नाही तर काय साठीत करणार?

मावशी : साठीत आपण करतोच की.

सोन्यानं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. निकाल कुणीकडे झुकतोय याचा अंदाज घेतला असावा. मग बसकण मारली, पाय ताणले आणि भोकाड पसरलं. मी घड्याळात बघितलं. आठ वाजून वीस मिनिटं. का बघितलं, कुणास ठाऊक. हाताला काहीतरी चाळा हवा होता बहुतेक, कारण पुढे व्हावं, बटवा उघडावा आणि मोबाइल देऊन मोकळं व्हावं, एवढंच मला वाटत होतं.

आई : ऐकवत नाही गं मला. शेजारपाजारचे काय म्हणतील?

मावशी : शेजारी कावळेच आहेत इथं.

मावशी सरकत सोन्याजवळ गेली आणि हातभर अंतर ठेवून बसली. त्याला उचललं नाही, गोंजारलं नाही, डोळेही वटारले नाहीत. “मोबाइल नाही. मी इथं बसलेय,” एवढंच म्हणाली. तेही एकदाच.

आई : हे बघ बेबी, मी आयुष्यभर पोरांना नाही म्हणत आले. ऊठ, बस, हात पुढं कर. आईबाप येऊन सांगायचे, बाई, मारून शिकवा, हाडं तेवढी आमची ठेवा. मला त्याचं भूषण वाटायचं. चौथीत एक मुलगा होता. रोज उशीर, रोज दोन पट्ट्या. एक दिवस तो यायचाच बंद झाला. मागाहून कळलं, पहाटे चारला आईबरोबर कांदे काढायला जायचा आणि तिथून पळत शाळेत यायचा. हाताला माती तशीच असायची. त्या हातांवर मी मारायची.

मावशी काही बोलली नाही. तिनं ही गोष्ट आधी ऐकली असावी; मी पहिल्यांदा ऐकत होते.

आई : पंचवीस वर्षांनी लासलगावच्या बाजार समितीत भेटला. पिकअप चालवत होता. गर्दीतून येऊन पाया पडला. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही माझा. तेव्हाच ठरवलं, नातवंडं होतील त्यांना ‘नाही’ ऐकवायचं नाही. नाही म्हणायला सगळं जग बसलंय. घरात एक तरी माणूस हो म्हणणारं असू दे.

मावशी : तुझं प्रायश्चित्त खरं आहे, ताई. पण ते या पोराच्या पदरात का घालतेस?

आई : मग काय, मारायचं?

मावशी : हेच, हेच दुखणं आहे सगळ्यांचं. मारणं सुटलं की लोकांना वाटतं, आता करण्यासारखं काही उरलंच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आलं. शाळेत अंगाला हात लावायचा नाही, मनाचाही छळ करायचा नाही. फार चांगलं झालं. पण पट्टी काढून घेतली, तिच्या जागी काय ते कुणी शिकवलं नाही. मास्तरांना नाही, आईबापांना तर नाहीच. रिकामा हात गेला मोबाइलकडे.

आई : आणि हे तू म्हणतेस? कोसबाडची? तिथं सगळं मोकळंच होतं ना? मुलाच्या कलानं घ्या, मुलाच्या कलानं घ्या, चाळीस वर्षं तूच माझं डोकं खाल्लंस.

मावशी : कलानं घ्यायचं म्हणजे सोडून द्यायचं नव्हे गं. ताराबाई मोडक १९४५ ला बोर्डीला गेल्या आणि १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर. डोंगरातली वारली पोरं शाळेत यायची नाहीत, कारण गुरं कुणी चारायची? तर ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी शाळाच उचलून कुरणात नेली. कुरणशाळा. लहान पोरं अंगणात सापडतात, तर बालवाडी अंगणात नेली. आपल्या तोंडात आता जो अंगणवाडी शब्द बसलाय, त्याच्या मागे हे आहे. याहून मुलाच्या कलानं काय घ्यायचं? पण कुरणात गेली ती शाळाच होती, ताई. हात धुवायचे, नखं काढायची, नाक पुसायचं आणि घेतलेली वस्तू जिथली तिथं ठेवायची. यातून सुटका नव्हती.

आई : हात धुवायला कोण नाही म्हणतंय?

मावशी : माझ्या बालवाडीतली दट्ट्यांची पेटी आठवते? मुलं तीस आणि पेटी एक. तूच मला म्हणाली होतीस, पैसे मी देते, दुसरी आण.

आई : दोन पोरं झोंबाझोंबी करत होती तिच्यावरून.

मावशी : माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत प्रत्येक साधन एकच ठेवतात, आणि ते मुद्दाम. एकाचं होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. थांबताना रडू आलं तर रडायचं. रडायला माझ्याकडे बंदी नव्हती. पण रडून पेटी मिळायची नाही.

मला इथं गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ आठवलं. मुक्त शिक्षणाचा झेंडा घेतलेले लोक हे पुस्तक फार मानतात आणि त्यातला पहिला दिवस सोयीनं विसरतात. त्यातला नवा मास्तर मोठ्या हौसेनं वर्गात शांततेचा खेळ सुरू करतो आणि पोरं असा काही धुमाकूळ घालतात की त्याची सगळी योजना तिथंच आडवी होते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि तोच वर्ग गप्प होऊन ऐकतो. पहिल्या दिवशी मुलं मोकळी होती, पण समोर धरण्यासारखं काही नव्हतं.

सोन्याचा सूर आता बदलला होता. रागाचा भर ओसरून हुंदके सुरू झाले होते. मध्येच त्यानं एक डोळा उघडून आजीकडे बघितलं. आजीचा हात बटव्याच्या नाडीवर होता. आवाज पुन्हा टिपेला गेला.

मावशी : बघितलंस? हे खास तुझ्यासाठी होतं.

मी : आई, यावर अमेरिकेत एकानं आयुष्य घालवलं. जेरल्ड पॅटरसन, ओरेगन राज्यातला. त्याची माणसं लोकांच्या घरी जाऊन आईबाप आणि मुलं कशी वागतात ते टिपून घ्यायची. मूल किंचाळतं, आई नमतं घेते. मुलाला वस्तू मिळते आणि आईला शांतता. दोघांचाही फायदा. म्हणून पुढच्या वेळी दोघंही तेच करतात, जरा जास्त जोरानं.

आई : म्हणजे मी याला शिकवते आणि हा मला शिकवतो.

मी : अगदी.

आई : मग मास्तर हाच चांगला. माझ्याकडून इतक्या लवकर कुणी शिकलं नाही.

मावशी : आणि नऊ वेळा नाही म्हणून दहाव्या वेळी हो म्हणणं सगळ्यांत वाईट. त्यापेक्षा पहिल्यांदाच हो म्हणावं. दहाव्यांदा दिलंस की पोर शिकतं, आपलं दहाव्यांदापर्यंत रडायचं राहिलं होतं.

आठ वाजून एकतीस मिनिटांनी सोन्या थांबला. अकरा मिनिटं. नाक मावशीच्या पदराला पुसलं आणि विचारलं, “कावळ्याला कुरडई तळून नको असते?” मावशीनं पातेल्याच्या तळाचा चीक खरवडून, त्यावर साखर घालून त्याच्या हातावर ठेवला.

आई : ही लाच नाही?

मावशी : रडताना दिला असता तर लाच. आता भूक.

मला हा फरक थोडा वकिली वाटला, पण मी गप्प बसले. सोन्या चीक चाटत कावळ्यांकडे गेला आणि आता मला पुस्तकातलं सांगायची संधी मिळाली. आई म्हणाली, “सांग, नाहीतरी कुठंतरी छापायचंच असेल तुला.”

मी : या विषयात पहिलं नाव घेतात ते डायना बॉमरिंड यांचं. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात त्यांनी बालवाडीतली मुलं आणि त्यांचे आईबाप बारकाईनं पाहिले. त्यांना तीन तऱ्हा दिसल्या. एक हुकमी, म्हणजे मी सांगतो म्हणून. दुसरी लाडावणारी, म्हणजे माया उदंड आणि मुलाकडून अपेक्षा कसलीच नाही. तिसऱ्या घरात माया असते, नियमही असतो आणि नियम का आहे ते सांगायची तयारीही असते. पुढं १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या दोघांनी चौथी तऱ्हा मांडली, जिथं मायाही नाही आणि नियमही नाही. लाडावणाऱ्या घरांतली मुलं बॉमरिंडबाईंना स्वतःवर ताबा ठेवण्यात आणि आपल्या बळावर काही करण्यात मागे दिसली.

आई : मी पहिलीतून निघून दुसरीत गेले, एवढंच ना? आणि बर्कलीचं निफाडला लावायचं?

मी : ही शंका अभ्यासकांनाही आली. २००९ मध्ये स्पेनमधल्या गार्सिया आणि ग्रासिया या दोघांनी किशोरवयीन मुलांवरचा अभ्यास छापला. तिथं भरपूर माया आणि कमी कडकपणा असलेल्या घरांतली मुलं तिसऱ्या तऱ्हेच्या घरांइतकीच चांगली निघाली. काही बाबतींत तर जास्तच.

आईनं कावळ्यांची काठी तलवारीसारखी उभी धरली.

आई : ऐक बेबी, ऐक! स्पेन!

मावशी : थांब. माया कशी मोजली त्यांनी? पापे मोजले?

मी : नाही. आईबाप मुलाशी आपुलकीनं बोलतात का, त्याच्याकडे त्यांचं लक्ष असतं का, हे सगळं मायेच्याच खात्यात धरलंय.

मावशी : म्हणजे त्या घरांत ओरडणारं कुणी नसेल, पण बोलणारं होतं. मग ती माझी माणसं, ताई. तू मोबाइल देतेस तेव्हा बोलतेस का त्याच्याशी? तू भाजी निवडायला घेतेस.

काठी खाली आली. एक गोष्ट मात्र मी आईच्या बाजूनं सांगितली, कारण ती खरी आहे. या अभ्यासांत आईबाप असे आणि मुलं तशी, एवढं दिसतं. कुणामुळं कोण तसं झालं ते इतकं सरळ दिसत नाही. दांडगं मूल आईबापांना दमवून दमवून सैल करतं, हेही होतं. आईनं लगेच माझ्या धाकट्या भावाचा दाखला दिला. मी पट्टीला घाबरायचे, तो पट्टीच लपवून ठेवायचा. शेवटी तिनंच नाद सोडला. एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली, आम्ही दोघं दोन तऱ्हांत वाढलो. बॉमरिंडबाईंच्या तक्त्यात आमचं घर कुठल्या रकान्यात बसवायचं?

आई : आणि श्यामच्या आईचं काय? पोहायला जात नाही म्हणून माळ्यावर लपला, तर शिंपटीनं झोडत नेला की नाही? सगळा महाराष्ट्र त्या माउलीसाठी रडतो.

मावशी : शिंपटी सगळ्यांच्या लक्षात राहते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिचेच डोळे भरले, ते कुणी सांगत नाही. मला ते मारणं आजही पटत नाही. पण ती पोराच्या समोर होती, ताई. त्याची भीतीही तिच्यासमोर आणि रडणंही तिच्यासमोर.

आई : आमच्या वेळी समोर राहायला कुणाला वेळ होता? वर्गात साठ पोरं.

मावशी : तेच म्हणतेय मी. साठ पोरं होती म्हणून पट्टी. एक सणसणीत बसली की पोर गप्प. आता मोबाइल. हातात पडला की पोर गप्प. तेव्हा तुला काय हवं होतं आणि आत्ता काय हवंय? दोन्ही वेळा एकच. गप्प. पट्टीला तू कडक म्हणतेस आणि मोबाइलला लाड म्हणतेस. पोराच्या बाजूनं बघ, दोन्ही वेळा त्याचं ऐकायला कुणी थांबलेलं नाही.

गच्चीवर थोडा वेळ फक्त उन्हाचा आवाज होता. वाळताना प्लास्टिकचा कागद तडतडतो तो. आईनं पाणी प्यायलं. हे बोलणं आईला उद्देशून होतं, पण लागलं मला. आई दिवसा मोबाइल देते. संध्याकाळी देणारी मीच.

ते कसं होतं, ते सांगते. ऑफिसातून घरी पोचायला सात वाजतात. सोन्यानं साडेनऊला झोपायचं असतं. मधल्या अडीच तासांत जेवण, भांडी, उद्याचा डबा आणि ‘मुलाबरोबर वेळ’ हे सगळं बसवायचं. दिवसभर त्याला सोडून राहिल्याची बोच असतेच. या अडीच तासांत मला वाईट व्हायचं नसतं. मग मी त्याला विचारते. दूध पिणार का रे? दात घासायचे ना? आता झोपायचं का आपण? तो ‘नाही’ म्हणतो, आणि विचारलंच मी असल्यानं ते ऐकून घ्यावं लागतं. मग गयावया, मग आमिष, मग मोबाइल, आणि दहा वाजता माझाच आवाज चढतो. म्हणजे लाड आणि हुकूम दोन्ही एकाच संध्याकाळी. माझ्या बरोबरीच्या कितीतरी बायकांच्या घरी हेच चालतं. कार्यालयातल्या डब्याच्या टेबलावर आम्ही ते हसत हसत एकमेकींना सांगतो.

हे मी दोघींना सांगितलं.

मावशी : जिथं ‘नाही’ चालणार नाही तिथं विचारायचं कशाला? तापाचं औषध घेणार का बाळा, असं विचारतात हल्ली. घेतलंच पाहिजे ना? मग सांगावं, औषध घ्यायचंय. चमच्यानं की वाटीनं? चमचा की वाटी, तो त्याचा. औषध आपलं. माझ्याकडे पोरं दारात अडून बसायची, तेव्हा मी म्हणायची, आधी चप्पल काढणार की आधी हात धुणार? आत यायचं की नाही, हे मी कधी विचारलंच नाही.

आई : आणि रडलं तर?

मावशी : रडेल. रडणं म्हणजे काही आजार नव्हे. आपल्याला सहन होत नाही ते आपलं दुखणं.

मी : मिशिगन विद्यापीठात नेमकं हेच पाहिलंय. जेनी रॅडेस्की आणि त्यांचे सहकारी, ४२२ पालक आणि त्यांची तीन ते पाच वर्षांची मुलं. जी मुलं वरचेवर मोबाइल देऊन शांत केली जात होती, ती काही महिन्यांनी क्षुल्लक कारणावरून जास्त भडकू लागली होती. मुलग्यांत हे ठळक दिसलं.

आई : म्हणजे औषधच रोग वाढवतं.

मी : सगळ्या मुलांचं तसं होईल असं नाही. पण कल तिकडे आहे.

आता पुण्याचा विषय निघणार हे मला ठाऊक होतं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलानं भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध आला, तेव्हापासून लाडांचा विषय निघाला की प्रत्येक घरात त्या गाडीचं नाव निघतं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातही निघतं. मी विचारलं, तर दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं.

आई : त्याला लाड म्हणू नका. कुठल्या आजीनं पापा घेतला म्हणून ते झालं नाही. पैशानं सगळं मिटवता येतं, हे घरात दिसलं की पोर तेच शिकतं.

मावशी : आणि आपण त्या गाडीकडे बोट दाखवतो कारण ती आपल्याकडे नाही. खालच्या पार्किंगमध्ये बघ. नववी-दहावीतली पोरं क्लासला स्कूटरवर जातात. चावी कोण देतं?

मी : २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे.

मावशी : कायदा असू दे. बापाला नाही म्हणायचं नसतं, कारण क्लासला सोडायला वेळ नाही. तीही पुन्हा वेळेचीच गोष्ट.

दहा वाजता ऊन चटईवर आलं आणि आम्ही सावलीबरोबर सरकलो. सोन्या टाकीच्या भिंतीला टेकून झोपला होता, हाताला चीक वाळलेला. आई त्याच्याकडे बघत होती. माझं मत तोवर मावशीच्या बाजूनं झुकलं होतं, पण पूर्ण नाही, आणि ते आईमुळं. ‘नाही’ म्हणायला मावशीसारखा शांत आवाज लागतो. तो तीस वर्षांच्या सवयीनं येतो, आणि घरी परतल्यावर कुणीतरी तुमच्यासाठीही चहा करणारं असेल तर येतो. दमलेल्या बाईच्या ‘नाही’मध्ये पट्टी शिरायला वेळ लागत नाही. आई घाबरते ती बहुधा त्यालाच. तिनं पुन्हा ‘नाही’ म्हणायला सुरुवात केली, तर हात कुठं जाईल याचा तिला भरवसा नाही.

आई : बेबी, तू रडत्या पोराजवळ नुसती बसतेस, ते मला जमणार नाही. मला काहीतरी करावं लागतं.

मावशी : मग त्याच्याबरोबर कुरड्या मोज.

हा शनिवार. रविवारी पुन्हा मोबाइल मागितला गेला आणि मिळाला नाही. सोन्या एकोणीस मिनिटं रडला, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा आठ जास्त. अशी सवय मोडताना आधी ती वाढते, हे मी वाचलेलं होतं, तरी मला धीर धरवेना. मी निमित्त काढून खाली गेले. मावशी बसून राहिली.

सोमवारी मला कामावर जायचं होतं आणि मावशीला दुपारच्या गाडीनं परत. कुरड्यांना अजून एका दिवसाचं ऊन हवं होतं. सकाळी गच्चीवर आई एकटी, सोबत सोन्या, बटवा कमरेला. संध्याकाळी घरात शिरल्याबरोबर मी विचारलं, “किती मिनिटं?”

आई म्हणाली, “चार कुरड्या कावळ्यांनी नेल्या.”